सुपरवायझर एकच, मग माझाच उत्साह का गेला?

तुझं पत्र दोनदा वाचलं. चौघं एकाच दिवशी ट्रेनी म्हणून लागलात, सर तेच, स्टायपेंड तेवढंच, आणि चार महिन्यांत दोघं अजून हुरूपाने येतात, एक जण जेमतेम, आणि तुला सकाळी अलार्म वाजला की पोटात गोळा येतो. "म्हणजे सरांचा प्रश्न नाही, माझ्यातच खोट आहे ना मॅडम?" असं विचारलंयस. नाही गं, इतकं सरळ नसतं ते.

मुळात सर एक असले तरी चौघांच्या वाट्याला ते सारखेच येतात असं नाही. जॉर्ज ग्रेन वगैरे अभ्यासकांनी १९७० च्या दशकात हेच मांडलं, की बॉसचं प्रत्येक माणसाशी वेगळं नातं तयार होतं. तूच लिहिलंयस बघ, त्या एका मुलाला सर क्लायंटच्या मीटिंगला सोबत बसवतात आणि तुझी एक्सेल शीट नुसतं "ओके" लिहून परत येते. यात सरांचा वाईट हेतू असेलच असं नाही, पहिल्या आठवड्यात ज्याने चार प्रश्न विचारले तो लक्षात राहिला, त्याला बरं काम मिळालं, त्यातून तो शिकला, म्हणून पुढचंही त्यालाच, असं ते चक्र फिरत राहतं.

दुसरं म्हणजे मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर व्रूम यांनी १९६४ मध्ये मांडलेला कामाच्या उत्साहाचा एक हिशोब मला फार उपयोगी वाटतो. मेहनत केली तर जमेल का, जमलं तर त्यातून काही मिळेल का, आणि जे मिळेल ते मला हवंय का. या तिन्हींची बेरीज नाही, गुणाकार होतो, त्यामुळे एक जरी शून्य असलं तरी सगळंच शून्य, मग कितीही भाषणं ऐक.

तुला जमतंय, शीटमध्ये चुका निघत नाहीत. अडलंय ते दुसऱ्या प्रश्नापाशी, जमलं तर त्यातून काही मिळेल का, असं मला वाटतं. पत्राच्या शेवटी तू "तसंही मला हे फील्ड नकोच वाटतंय" असं लिहिलंयस, पण त्यावर एवढ्यात विश्वास ठेवू नकोस, कारण केलेल्या कामाचं पुढे काय होतं हेच दिसत नसेल तर काम नकोसं होतंच. मी ट्रेनी असताना सहा महिने नुसते आकडे भरत होते. सातव्या महिन्यात एका सीनियरने फायनल रिपोर्ट उघडून दाखवला, त्यात माझी ओळ होती, जशीच्या तशी. त्या दिवशी घरी जाताना पहिल्यांदा मी कामाचा विचार करत गेले.

तर सरांकडे दहा मिनिटं माग. मोटिव्हेशन वगैरे शब्द काढू नकोस, त्यावर त्यांना काय करता येणार. शेवटच्या तीन शीट घेऊन जा आणि विचार, ही पुढे कुणाकडे जाते, ते तिचं काय करतात, त्यांना सोपं जावं म्हणून मी काय बदलू. आणि एखादं छोटं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत माझ्याकडे द्या, असं स्पष्ट सांग. दीड-दोन महिने देऊन बघ, तरीही मन लागलं नाही तर मग फील्ड बदलायचं बोलू, आणि ते बोलताना तुझ्यात खोट आहे हा विषयच नसेल.

एकच गोष्ट, तो पोटातला गोळा सुट्टीच्या दिवशीही येत असेल, झोप-भूक गेली असेल, तर हे सगळं बाजूला ठेव आणि आधी डॉक्टरांना भेट. मला तेही कळव.