पुराचा व्हिडिओ टाकला तर गुन्हा होते का, भाऊ?

प्रश्न : भाऊ नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातला. नाल्याच्या काठानं आमचं तीन एकर सोयाबीन, ऑगस्टच्या पावसात पूर्ण गाळाखाली गेलं. पंचनामेवाले वावरात आलेच नाही, ग्रामपंचायतीत बसून यादी केली अन् आमच्याकडची सहा घरं सुटली. मी वावरात उभा राहून व्हिडिओ काढला, फेसबुकवर टाकला. जे पाह्यलं तेच बोललो, शिवीगाळ काही नाही. दुसऱ्या दिवशी एका कर्मचाऱ्याचा फोन आला, डिलीट कर नाहीतर आपत्ती कायद्यात आत जाशील. बाबा घाबरले, म्हणे काढून टाक बाप्पा. काढू का?

उत्तर : नको काढू.

पहिले हे सांग, व्हिडिओत तारीख, गाव, गट नंबर बोलला का? नसशील तर खाली लिहून टाक अन् एक कॉपी दुसरीकडे ठेव, मोबाइलचा काही भरवसा नाही. फोनवर ज्या कायद्याची भीती दाखवली तो २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा, त्यातलं कलम ५४. आपत्तीबद्दल खोटी धास्ती पसरवली अन् लोकांत घबराट झाली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, असं ते आहे. आता तुझ्या वावरातला गाळ खोटा आहे का? अन् तो पाहून घबराट कोणाची झाली, गावाची की त्या फोन करणाऱ्याची? नुसतं कोणाला झोंबलं म्हणून गुन्हा होत नाही. २०१२ मध्ये पालघरच्या दोन पोरींना एका फेसबुक पोस्टपायी अटक झाली होती, एकीनं लिहिलं अन् दुसरीनं नुसतं लाईक केलं एवढंच, त्यानंतर श्रेया सिंघल खटला उभा राह्यला अन् २४ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टानं आयटी कायद्यातलं कलम ६६अ, ज्यात असल्या पोस्टपायी पकडायचे, ते रद्दच करून टाकलं. पुढं कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत लोक ऑक्सिजन अन् बेडसाठी सोशल मीडियावर हाका मारत होते, तेव्हाही ३० एप्रिल २०२१ ला त्याच कोर्टानं बजावलं की मदत मागणाऱ्या माणसावर कारवाई केली तर तो कोर्टाचा अवमान समजू.

म्यानमारची एक गोष्ट सांगतो. मे २००८ मध्ये तिथं नर्गिस चक्रीवादळ आलं, लाखावर माणसं मेली नाहीतर बेपत्ता झाली, अन् लष्करी सरकारनं बाहेरच्या मदतीला कितीतरी दिवस दारातच उभं ठेवलं. तिथला एक विनोदी नट, झार्गनार त्याचं नाव (नावाचा अर्थच चिमटा, अन् शिक्षणानं दातांचा डॉक्टर!), मित्रांना घेऊन गावोगाव तांदूळ-कपडे वाटत फिरला अन् सरकारची मदत पोहोचली नाही हे परदेशी मीडियाला सांगितलं. एवढ्यावर ५९ वर्षांची शिक्षा, मग कमी करून ३५, सुटला २०११ मध्ये. तांदूळ वाटला म्हणून कोणी एवढा चिडला नसता राजेहो, तो बोलला ते झोंबलं. पण तो बोलला नसता तर बाहेरच्या जगाला कसं समजलं असतं की अमक्या गावात अजून दाणा पोहोचला नाही?

तुझंही तेच आहे. नुकसान ३३ टक्के किंवा वर असलं तरच सरकारी मदत बसते. तो टक्का वावरात पाय टाकल्याशिवाय ग्रामपंचायतीच्या खुर्चीवरून कसा दिसेल? त्यामुळं तुझा व्हिडिओ म्हणजे एका अर्थी सुटलेला पंचनामाच आहे. फक्त त्याच्यावरच विसंबू नको. सहाही घरांच्या सह्यांचा अर्ज तहसीलदाराकडं दे, पोच घेतल्याशिवाय हलू नको, माहिती अधिकारात पंचनाम्याची यादी माग. आणि व्हिडिओत तलाठ्याला (आता नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय, आपल्या तोंडात तलाठीच बसलंय) 'पैसे खाल्ले' असं काही म्हणाला असशील अन् हातात पुरावा नसेल, तर तेवढं वाक्य मात्र काप.

एक कबुली मलाही द्यायची आहे. आमचं गाव वर्धा नदीच्या काठचं. ३० जुलै १९९१ ला याच नदीनं मोवाडात दोनशेवर माणसं नेली, ते आमच्याकडच्या म्हाताऱ्यांच्या अंगात अजून आहे. काही वर्षांपूर्वी रात्री अकराला एक ऑडिओ आला, वरचं धरण फुटलं. मी ऐकला न ऐकला अन् चार ग्रुपवर ढकलला, काळजीनंच ढकलला हो. अर्धं गाव टेकडीकडं पळालं, शेजारच्या काकू नालीत पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, आजही काठीवर आहेत. धरणाला काहीच झालं नव्हतं. १०७७ वर जिल्ह्याच्या कंट्रोल रूमला फोन लावून विचारायला दोन मिनिटं लागली असती. काकू मला काही म्हणत नाहीत, चहा देतात, तेच जास्त लागतं. तर तू जे पाह्यलं ते बोलला, मी जे पाह्यलं नव्हतं ते पसरवलं. हिशेबानं कलम ५४ ची भीती मला दाखवायला पाहिजे होती.

प्रश्न : मी गावच्या ग्रुपचा ॲडमिन आहे. कोणी पुराबद्दल काहीबाही टाकलं तर मला पकडतील का? म्हणून पावसाळाभर 'ओन्ली ॲडमिन' करून ठेवू का?

उत्तर : गोंदिया जिल्ह्यातल्याच एका प्रकरणात हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलंय, मेंबरनं टाकलेल्या पोस्टसाठी नुसता ॲडमिन आहे म्हणून कोणी दोषी होत नाही, त्यात त्याचं संगनमत असलं तर गोष्ट वेगळी. ग्रुप बंद नका करू दादा. रात्री पाणी घरात शिरलं तर त्या माणसानं हाक कुठं मारायची?

प्रश्न : पुरानंतर किट वाटायला शहरातली पोरं आली. किट हातात देताना फोटो काढला अन् नेटवर टाकला. माझी सासरवाडीची माणसं पाहून हसली. बोलावं तर लोक म्हणतील, खाल्ल्या ताटात छेद करते.

उत्तर : ताई, खुशाल बोला. त्यांना पोस्ट टाकायची मोकळीक आहे, तशी तुम्हाला 'माझा चेहरा काढा' म्हणायची आहे. देणगीदारांना हिशेब दाखवावा लागतो हे खरंय, पण त्यासाठी किटच्या थप्पीचा फोटो अन् सह्यांची यादी पुरते. पुढच्या वेळी बचत गटातून दोघी-तिघींनी गाडी गावात शिरतानाच सांगून ठेवा. त्या पोरांचा नंबर सरपंचाकडं असेलच, आजच फोन करा, बहुतेक ती पोरं लगेच काढतील, त्यांना हे कोणी सांगितलंच नसतं.