प्रोजेक्टवर आहेस, पण कागदावर आहेस का?

यावेळी पत्रं बरीच आली आणि त्यातली कितीतरी नागपुरात अमरावती रोडच्या आसपास लॅबमध्ये दिवस घालवणाऱ्या पोरापोरींची, कोणी जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलो), कोणी प्रोजेक्ट असिस्टंट, कोणी नुसतंच "सरांकडे आहे" असं सांगणारं. तीन घेते. पहिल्याला जास्त जागा देते कारण ते वाचून मला रात्री नीट झोप लागली नाही.

प्रश्न : ताई, माझं एमएस्सी एन्व्हायर्नमेंटल सायन्स झालंय, नागपुरातल्याच एका संस्थेत दोन वर्षांपासून प्रोजेक्टवर आहे. नाग नदीचं पाणी, अंबाझरीच्या ओव्हरफ्लोपासून पारडीपर्यंत, दर पंधरा दिवसांनी सॅम्पल आणणं, टेस्ट लावणं, एक्सेल भरणं, सगळं मीच करून राहिली आहे. जॉईन होताना सर म्हणाले होते पीएचडीचं रजिस्ट्रेशन करून देऊ, ते अजून नाही. चार महिन्यांपासून पैसे नाहीत, विचारलं की "ग्रँट यायची आहे". आणि परवा सिनियरचा पेपर दिसला, टेबल माझं, आकडे माझे, माझं नाव फक्त शेवटी आभारात. मार्चमध्ये प्रोजेक्ट संपतो. घरी सांगायची हिंमत होत नाही. भांडू का सोडून देऊ?
– एक वाचक, बजाजनगर

उत्तर : अगं, आत्ता भांडू नको आणि सोडूही नको, आधी कागद गोळा कर.

मीसुद्धा याच नदीचं पाणी काढलंय गं. मे महिना, पारा 45 च्या वर, 300 मिलीची ती काचेची बाटली पाण्यात तिरकी धरून भरायची, आत एक बुडबुडा राहता कामा नये, मग तिथंच काठावर उकिडवं बसून मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड टाकायचं, पाण्यात ऑक्सिजन असला की तपकिरी साका बसतो, नसला की पांढरा. वरच्या अंगाला तपकिरी यायचा, गावातून बाहेर पडेपर्यंत पांढरा. आणि बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण किती ऑक्सिजन खाते ती टेस्ट, आपल्याकडे 27 अंशावर 3 दिवस ठेवतात, म्हणजे गुरुवारी सॅम्पल आणलं की रविवार गेलाच. हे सगळं केलं, आणि रिपोर्ट छापून आला तेव्हा माझं नाव कुठंच नव्हतं. बोलायला गेले तर हातात दाखवायला काही नाही, कारण मी आकडे सुट्या कागदांवर लिहून सरांच्या टेबलावर ठेवायची. तेव्हापासून जो भेटेल त्याला मी एकच सांगते, तुझ्या कामाचं तुझ्या हातचं तारखेवार रजिस्टर पाहिजे. कोणत्या दिवशी, कोणत्या पुलाखाली, किती वाजता, कोण सोबत होतं, रीडिंग काय. डेटा बहुतेक ठिकाणी संस्थेचा धरतात, म्हणून पेनड्राईव्हवर सगळं घेऊन पळायचं नाही, पण काम कोणी केलं याची नोंद ठेवायला तुला कोणी अडवू शकत नाही. गेल्या दोन वर्षांची नोंद आजपासून बसून तयार कर, व्हॉट्सॲपवरचे फोटो, ऑटोची बिलं, मेल, सगळं कामी येतं.

आता रजिस्ट्रेशन. इथं पोरं फसतात ती एकाच गैरसमजामुळं, की प्रोजेक्ट म्हणजे पीएचडीची पहिली पायरी. तसं नाही. प्रोजेक्टची नेमणूक वेगळी, पीएचडीची ॲडमिशन वेगळी, आणि ॲडमिशन नेट, गेटसारख्या देशपातळीवरच्या परीक्षेतून किंवा विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेतून (पेट) होते, सरांच्या शब्दावर होत नाही. जून 2024 पासून नेटच्या निकालात "फक्त पीएचडीसाठी पात्र" असाही एक गट आहे आणि तो निकाल एकच वर्ष चालतो. शिवाय युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या नियमाप्रमाणे असिस्टंट प्रोफेसरकडे एका वेळी 4, असोसिएटकडे 6 आणि प्रोफेसरकडे 8 च विद्यार्थी असू शकतात. म्हणून सरांना सरळ विचार, सर तुमच्याकडे आत्ता जागा रिकामी आहे का, कधी होईल? जागाच नसेल तर त्यांनी मनापासून शब्द दिला असला तरी तो पाळता येणार नाही, आणि हे तुला मार्चच्या आधी कळलेलं बरं.

पैशाचं. ग्रँट हप्त्याहप्त्यानं येते. आधीच्या हप्त्याचा खर्च आणि युटिलायझेशन सर्टिफिकेट (यूसी, म्हणजे पैसे कुठं वापरले त्याचा दाखला) गेल्याशिवाय पुढचा सुटत नाही, ऑफिसात एक सही राहिली की पोरांची चूल बंद. म्हणजे सर खोटंच बोलून राहिले असं धरून चालू नको, पण सँक्शन लेटरची, म्हणजे ग्रँट मंजूर झाल्याच्या पत्राची, कॉपी माग. त्यात माणसांच्या पगाराचा हेड वेगळा लिहिलेला असतो, तुझी पोस्ट, महिन्याची रक्कम आणि मुदत त्यात दिसेल. मग अकाउंट्समध्ये जाऊन विचार, यूसी गेली का, कधी गेली. आणि हे तोंडी नको, अर्ज दे आणि त्याच्या कॉपीवर आवकचा शिक्का घे.

पेपरचं सगळ्यात जास्त लागलं असणार, मला माहिती आहे. वैद्यकीय जर्नलच्या संपादकांची जी आंतरराष्ट्रीय समिती आहे, आयसीएमजेई, तिचे निकष बाकीच्या विषयांतही पुष्कळ जर्नल मानतात. त्यात चार अटी आहेत : कामात भरीव वाटा, लिहिण्यात किंवा मजकूर तपासण्यात सहभाग, शेवटच्या मजकुराला मान्यता, आणि जबाबदारी घेणं. लोक काय करतात, ज्यानं डेटा आणला त्याला ड्राफ्ट दाखवतच नाहीत आणि मग म्हणतात तिनं लिहिलं कुठं? पण त्याच निकषांत स्पष्ट आहे की पहिली अट पुरी करणाऱ्याला लिहिण्याची, तपासण्याची संधी मिळालीच पाहिजे. नुसता निधी आणला किंवा वरून देखरेख केली म्हणून मात्र कोणी लेखक होत नाही. तेव्हा सरांना मेल कर, शांतपणे. असं लिही : "सर, अमुक पेपरमधल्या टेबल 2 चे रीडिंग मी अमुक ते अमुक तारखेला घेतले, रजिस्टरची पानं सोबत जोडते. लेखकांमध्ये माझं नाव घालण्याबद्दल तुमचं मत कळवावं." छापून झालेल्या पेपरमध्येही सगळ्या लेखकांच्या संमतीनं जर्नल दुरुस्ती छापतं, आणि ते नाहीच झालं तर निदान पुढच्या पेपरचं आत्ताच ठरवून घे. सिनियरशी मात्र भांडू नको, तिलाही कदाचित कोणी विचारलं नसेल.

तक्रार करायचीच झाली तर युजीसीच्या 2023 च्या नियमाप्रमाणे विद्यापीठात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते, तिनं 15 कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, त्याच्या वर लोकपाल. पण ते विद्यार्थ्यांसाठी, आणि तू कुठं रजिस्टर्ड नाहीस म्हणजे तिथं विद्यार्थी धरली जाणार नाहीस. म्हणून तुझी अपॉइंटमेंट ऑर्डर शोध, त्यात तू कोणाची नेमलेली आहेस ते बघ आणि त्या ऑफिसला लिही. आणि घरी सांग गं. चार महिने उसन्या पैशावर काढणं आईबाबांपासून लपवायची गोष्ट नाही, त्यात तुझी काही चूक नाही.

प्रश्न : ताई, अमेरिकेत एमएसला ॲडमिशन मिळाली आहे, तिथल्या एका प्रोफेसरनी आरए (रिसर्च असिस्टंटशिप) देऊ असं कळवलंय, डिपार्टमेंट टीए (टीचिंग असिस्टंटशिप) देतंय. काय घेऊ? घरावर लोन आहे.
– एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : अभिनंदन रे! आधी दोन्ही ऑफर लेखी माग आणि त्यात ट्यूशन माफ आहे का, पूर्ण की अर्धी, आरोग्य विमा कोण भरणार, आणि ऑफर एका सेमिस्टरची की वर्षाची, एवढं बघ, कारण महिन्याच्या स्टायपेंडपेक्षा तुझ्या लोनवर ट्यूशनचा फरक जास्त पडतो. टीए म्हणजे लॅब घेणं, पेपर तपासणं, पैसे सहसा डिपार्टमेंटचे. आरए म्हणजे प्रोफेसरच्या ग्रँटचे, ती आटली की तूही आटलास, म्हणून ग्रँट कधीपर्यंत आहे हे विचारायला लाजू नको. एफ-1 म्हणजे विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तासांच्या वर काम करता येत नाही, "थोडं जास्त कर" असं कोणी म्हटलं तरी नाही म्हणायचं, व्हिसा तुझा जाईल. आणि तिथं पोरं गप्प बसत नाहीत बरं का, नोव्हेंबर 2022 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठात टीए, आरए, पोस्टडॉक मिळून सुमारे 48 हजार जण पगारासाठी संपावर गेले आणि वाढ घेऊनच परतले. तुला पीएचडीकडे जायचं असेल तर माझा कल आरएकडे, नसेल तर टीए.

प्रश्न : ताई, मुलगी नागपूरले पीएचडी करते, संत्र्याच्या डिंक्यावर, म्हणजे झाडाले डिंक येते त्या रोगावर, तिचं काम आहे. गावात सांगतो नोकरीवर आहे, ती म्हणते बाबा नोकरी नाही. मग महिन्याचे 37 हजार कायचे भेटते? वरून कॉलेजात पोरांचे प्रॅक्टिकल घेते, त्याचे वेगळे पैसे नाही. लग्नाचं काढलं की म्हणते अजून तीन वर्षं. तिले कोणी राबवून तर घेत नाही नं?
– एक शेतकरी बाप, काटोल तालुका

उत्तर : भाऊ, तुमची काळजी बरोबर आहे आणि तुमची मुलगीही बरोबर आहे. तिनं नेटमधून जेआरएफ मिळवलेली दिसते, ती गावात नोकरीपेक्षा छाती फुगवून सांगा. 1 जानेवारी 2023 पासून ही फेलोशिप महिन्याला 37 हजार आहे, दोन वर्षांनी काम तपासून 42 हजार होते, घरभाडं वेगळं, सगळी मिळून 5 वर्षं. पगार नाही म्हणून पीएफ नाही, पेन्शन नाही, आणि मधे पैसे रखडले तर तिला तुमच्याकडे मागावे लागतील, तेव्हा प्रश्न न विचारता द्या.

प्रॅक्टिकलचं म्हणाल तर पीएचडीच्या पोरांना आठवड्याला 4 ते 6 तास असं काम देता येतं, नियमातच आहे, आणि शिकवायची सवय लागते, ते चांगलंच. तिला तास मोजायला सांगा. रोजच अर्धा दिवस जात असेल तर दर सेमिस्टरला तिच्या रिसर्च कमिटीची मीटिंग होते, तिथं तिनं हे बोललं पाहिजे.

लग्नाचं मी तुमच्या मधे पडत नाही, पण लग्न म्हणजे पीएचडी सुटली असं काही नाही. मुदत कमीत कमी 3 वर्षं, जास्तीत जास्त 6, पुढे वाढवून मिळते आणि बायकांना त्यावर आणखी 2 वर्षांची सवलत, बाळंतपणाची 240 दिवसांपर्यंत रजा, लग्नानं गाव बदललं तर काम दुसऱ्या विद्यापीठात नेता येतं. बोलणी करणाऱ्यांना हे आधीच सांगा.

आणि एक विचारते, ती डिंक्यावर काम करते आणि तुमचा बगीचा काटोलचा, मग कोणत्या झाडाच्या बुडाशी पाणी साचते, कोणत्या ओळीत आधी डिंक आला, बोर्डोमलम कधी लावलं, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत असणार? पुढच्या खेपेला ती घरी आली की सकाळी तिला वावरात घेऊन जा. सोबत तिची वही घ्यायला सांगा.