हॉलची वाट बघत बसू नको

काय भो,

तुझा मेसेज वाचला. चित्रकारांचं मंडळ काढायचंय पण आधी जळगावात स्वतःची गॅलरी पाहिजे म्हणतोस. जोश चांगलाय, क्रम उलटा धरलायस.

मुंबईची बॉम्बे आर्ट सोसायटी, चित्रकारांचीच संस्था, 1888 ची, आणि ज्या जहांगीर आर्ट गॅलरीत शो लावायची तू स्वप्नं बघतोस ती उघडली 1952 ला, म्हणजे मधली 64 वर्षं सोसायटीचं काम जहांगीरशिवायच चाललं होतं. चित्रकार अमृता शेरगिलला 1937 ला सोसायटीचं गोल्ड मेडल मिळालं तेव्हा जहांगीरची वीटसुद्धा रचलेली नव्हती. नंतर सर कावसजी जहांगीरांनी पैसा दिला, पण तोवर मुंबईत चित्रं बघणारे लोक तयार झाले होते हे विसरू नको.

आणि मुंबई कशाला, आपल्या जळगाव जिल्ह्यातलं फैजपूर घे ना. डिसेंबर 1936 चं काँग्रेस अधिवेशन, खेड्यात भरलेलं पहिलं, सजावटीला गांधीजींनी शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोसांना बोलावलं आणि अट घातली की सामान गावातलंच पाहिजे, मग काय, बांबू नि गवतावर सगळं उभं केलं त्या माणसाने. आपल्या तालुक्यातल्या किती ड्रॉइंग टीचरांना हे माहितीये विचार एकदा!

आम्हीपण मंडळ काढलं होतं रे. दोन-अडीच वर्षं जागेच्या अर्जातच गेली, तेवढ्यात अध्यक्ष कोण यावरून दोघांचं बोलणं बंद, आणि चित्रं माझ्या माळ्यावर पडून उंदरांनी खाल्ली. कोणाचं कुठलं चित्र होतं याची यादीसुद्धा कोणी केली नव्हती, मी पण नाही.

म्हणून आधी एक जाड रजिस्टर घे. चित्राचं नाव, साइज, माध्यम, साल, सध्या कोणाकडे आहे, सगळं लिही, मोबाईलवर फोटो काढून ठेव. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणीला सात सभासद लागतात, ते भांडखोर नसलेले शोध (हे सगळ्यात अवघड). पहिला शो शाळेच्या वर्गात लाव, पण दरवर्षी त्याच महिन्यात.

चाळीसगावला केकी मूस यांचं घर बघितलंयस का? स्टेशनजवळच आहे. गडी वर्षानुवर्षं घराबाहेर पडला नाही, घरातच टेबलावर वस्तू मांडून फोटोग्राफी केली, आता त्या घराचंच म्युझियम झालंय. रविवारी जाऊ या. कळण्याची भाकरी नि ठेचा मी आणतो, तू रजिस्टर आण, कोरं चालेल.

तुझा सर