एवढ्या समुद्रावर एवढंसं विमान?

प्रश्न : माद्रिदहून बोस्टनला गेलो ते एअरबस ए३२१ एक्सएलआरनं. मधे एकच मार्गिका, दोन्ही बाजूंना तीन-तीन सीट. अटलांटिक ओलांडायला इतकं लहान विमान कशाला? मोठ्या विमानात दर सीटमागे खर्च कमी येतो ना?

उत्तर : येतो, पण सीट भरली तर. जुलैत माद्रिद-बोस्टनवर तीनशे माणसं सहज मिळतील. फेब्रुवारीतल्या मंगळवारी दीडशेच आली, तर तीनशे सीटचं विमान इंधन आणि विमानतळाचे पैसे मात्र स्वतःच्या आकाराप्रमाणेच खातं. आयबेरिया या स्पॅनिश कंपनीच्या एक्सएलआरमध्ये १८२ सीट आहेत. त्याच गर्दीत ते बऱ्यापैकी भरलेलं जातं, आणि मार्ग हिवाळ्यातही चालू राहतो. मला हे फार मोलाचं वाटतं. उन्हाळ्यापुरती येणारी विमानसेवा त्या गावच्या माणसांना अडीअडचणीला उपयोगी पडत नाही.

मात्र लहान विमान निवडताना वारा विसरून चालत नाही. मी फ्लाइट डिस्पॅचर होतो, म्हणजे उड्डाणाचा मार्ग आणि इंधनाचा हिशोब जमिनीवरून मांडणारा. जानेवारीतली एक रात्र अजून डोळ्यांसमोर आहे. मध्य युरोपातून न्यूयॉर्कला निघालेलं बोइंग ७५७, समोरून जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावरचा जोरदार वारा. उन्हाळ्यात आरामात पुरणारं इंधन त्या रात्री पुरेना. आधी मालाच्या पेट्या उतरवल्या, गणित पुन्हा मांडलं, तरी जमेना. शेवटी कॅनडात गँडरला उतरून इंधन भरायचं ठरलं. पुढची विमानं चुकलेल्या प्रवाशांची यादी सकाळी माझ्याच टेबलावर आली. अंतर नकाशावर मोजून विमान निवडलं होतं, जानेवारीतला वारा कुणी धरलाच नव्हता. कंपनीची ही चूक मला आजही सलते.

तुमच्या मार्गावर ती भीती नाही. माद्रिद-बोस्टन सुमारे ५,५०० किलोमीटर, आणि एक्सएलआरचा पल्ला ८,७०० पर्यंत. त्यासाठी मागच्या बाजूला, पोटात, १२,९०० लिटरपर्यंतची जादा टाकी बसवली आहे. तेवढी मालाची जागा जाते. जिथं औषधं, यंत्रांचे भाग यांच्या भाड्यावर मार्ग तगतो, तिथं मी दोन मार्गिकांचं रुंद विमानच घेईन.

लंडनच्या हीथ्रो विमानतळाचं गणितही वेगळं. तिथं स्लॉट, म्हणजे विमान उतरवायची-उडवायची ठरलेली वेळ, मिळणंच मुश्कील, म्हणून हाती असलेल्या स्लॉटवर मोठं विमान न्यावंसं वाटतं. तरी लंडन-न्यूयॉर्कवर एकाच अजस्र विमानात सगळ्यांना कोंबत नाहीत. कामासाठी जाणाऱ्याला सकाळचं, दुपारचं, संध्याकाळचं असं निवडायला हवं असतं, आणि जादा पैसे तोच देतो.

लहान विमानांची ही वाट तशी जुनी आहे. १९८५ मध्ये टीडब्ल्यूए या अमेरिकी कंपनीला दोन इंजिनांचं बोइंग ७६७ जवळच्या विमानतळापासून एक तासाहून अधिक दूर न्यायची परवानगी मिळाली. त्यानंतर तीन-चार इंजिनांचं मोठं विमान भरू न शकणाऱ्या शहरांनाही थेट विमानं मिळू लागली.

माद्रिद-बोस्टन माझ्या हाती असता, तर मी हिवाळ्यात एक्सएलआरच ठेवलं असतं आणि जून ते सप्टेंबर मोठं, रुंद ए३३० लावलं असतं.