मासळीच्या कामाच्या सुऱ्यांना कोणती मूठ टिकेल?

तुमची अडचण अशी आहे: शेडमध्ये सुऱ्या दिवसभर ओल्या, संध्याकाळी ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात, आणि लाकडी मुठी पावसाळा सरेपर्यंत फाटलेल्या. आता मायकार्टा (रेझिनमध्ये दाबलेल्या कापडाची किंवा कागदाची शीट), जी-१० (तशीच, पण काचतंतूंची शीट) की साधं प्लास्टिक, यातलं काय घ्यावं हा प्रश्न. उत्तर आधी सांगून टाकतो. रोजच्या सुऱ्यांना पात्याभोवती ओतलेली, एकसंध पॉलिप्रॉपिलीनची (हे साध्या प्लास्टिकपैकीच एक) मूठ घ्या. मोठे कोयते किंवा लोहाराकडून करून घेतलेली हत्यारं असतील, तर त्यांना हायलम (मायकार्टाच्याच जातीची आपल्याकडची शीट) किंवा जी-१०.

मायकार्टा मजबूत म्हणून सगळे तेच सुचवतील, आणि ते खोटंही नाही. पण कामाच्या सुरीत मूठ ज्या पदार्थाची आहे तो पदार्थ क्वचितच आधी संपतो. आधी संपतो तो मूठ आणि पोलाद यांच्यातला सांधा. दोन पट्ट्या चिकटवून रिवेट मारलेल्या मुठीत पट्टी आणि पोलाद यांच्यामध्ये केसाएवढी फट पडली, की खारं पाणी, रक्त, चरबी आत जाते आणि बाहेर येत नाही. आत गंज धरतो, गंज फुगतो, पट्टी आणखी उचलली जाते. वास येतो तो तिथूनच. मुठीचा पदार्थ निवडताना पहिला प्रश्न हा विचारा, की हा पदार्थ पोलादाला किती दिवस धरून राहील.

याचं बरंचसं उत्तर उष्णतेनं होणाऱ्या प्रसरणात आहे. १०० मिलिमीटर लांबीचं पोलाद ६० अंशांनी तापलं तर साधारण ०.०७ मिलिमीटर वाढतं. तेवढीच पीओएम नावाच्या कडक प्लास्टिकची (म्हणजे अ‍ॅसिटल, डेलरिन) पट्टी ०.६५ मिलिमीटरच्या आसपास वाढते. रोज उकळतं पाणी आणि मग बर्फ, असं चाललं तर चिकटवण किती दिवस तग धरणार? पीओएमला तर चिकटवण मुळात धरतच नाही, म्हणून त्याच्या मुठी रिवेटवर उभ्या असतात. जी-१० म्हणजे काचतंतूंचं कापड इपॉक्सीत दाबून केलेली शीट. काचेच्या धाग्यांमुळे शीटच्या लांबी-रुंदीत तिचं प्रसरण जवळजवळ पोलादाइतकंच असतं. तिचा खरा मोठेपणा मला इथं वाटतो. ताकदीचं कौतुक सगळेच करतात, हे फारसं कुणी सांगत नाही.

मात्र शीट चांगली असून चिकटवण कच्ची असेल तर उपयोग नाही. दुकानात मिळणारं दोन ट्यूबचं नेहमीचं अराल्डाइट ६०-७० अंशांपुढे मऊ पडू लागतं. उकळत्या पाण्यात टाकायच्या सुऱ्या त्याच्या भरवशावर ठेवू नका. रिवेट हवेतच, आणि तेही स्टेनलेसचे. पितळेचे रिवेट खाऱ्या पाण्यात हिरवे पडतात.

मायकार्टाबद्दल एक गोष्ट कळली तर तुमचे पैसे वाचतील. हा पदार्थ १९१० च्या सुमारास अमेरिकेत वेस्टिंगहाउस कंपनीनं विजेच्या इन्सुलेशनसाठी काढला: कागद किंवा कापड बेकेलाइटच्या जातीच्या रेझिनमध्ये भिजवून उष्णतेत दाबलेलं. आपल्याकडे त्याच जातीच्या शीटला वर्कशॉपमध्ये हायलम म्हणतात. मुंबईच्या लोहार चाळीसारख्या बाजारात इन्सुलेशनचा माल ठेवणाऱ्याकडे चौकशी करा. कापडाची मागा, कागदाची नको. कागदाची शीट सुबक दिसते, पण आपटली की कडेला टवके उडतात. कापडाची हायलम फार गुळगुळीत न घासता ठेवली, तर ओल्या हातात तिची पकड जी-१० पेक्षा चांगली बसते. गुळगुळीत केलेली जी-१० माशाच्या बुळबुळीत हातात धोक्याची आहे. तिच्यावर खाचा पाडल्याच पाहिजेत.

आता पॉलिप्रॉपिलीन. ताकदीत ते या सगळ्यांच्या खाली, आणि तरी तुमच्या कामाला तेच का? ते पाणी जवळजवळ पीत नाही, ब्लीचिंगचं पाणी आणि साबण त्याला त्रास देत नाहीत. साच्यात थंड होताना ते आकसून पोलादाला आवळतं. पात्याच्या मुठीतल्या भागाला भोकं असतील तर प्लास्टिक त्यातून आरपार जातं आणि मूठ निखळत नाही. विकत घेताना पातं मुठीत शिरतं तिथं नखानं तपासा. नख अडकलं तर ती सुरी परत ठेवा. त्याचा शत्रू ऊन. उन्हात पडलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीसारखी ही मूठ पांढुरकी होऊन तडकते. काळ्या रंगात कार्बन असेल तर ती उन्हात जास्त टिकते, पण सुऱ्या सावलीतच वाळवा.

काच मिसळलेलं नायलॉन कणखर असतं आणि आपटण्याला भारी. फक्त नायलॉन पाणी पितं. काच न मिसळलेलं नायलॉन पूर्ण भिजलं तर वजनाच्या ८-९ टक्के पाणी धरतं आणि थोडं फुगतं, मऊ होतं. काच मिसळल्यावर हे कमी होतं, थांबत नाही. खिशातल्या चाकूला ते उत्तम, दिवसभर पाण्यातल्या सुरीला माझी पसंती नाही.

पीओएम मी तुम्हाला स्पष्टपणे नको म्हणेन, आणि कारण क्लोरीन आहे. स्वयंपाकघरातल्या जर्मन सुऱ्यांवर ते वर्षानुवर्षं छान टिकतं. पण अमेरिकेत घरांच्या पॉलिब्युटिलीन या प्लास्टिकच्या नळांना अ‍ॅसिटलचे जोड बसवले होते, ते नळाच्या पाण्यातल्या क्लोरीननं ठिसूळ होऊन तडकले. ते नळ आणि जोड यांच्या खटल्यात १९९५ मध्ये किमान ९५ कोटी डॉलरची तडजोड झाली. नळाच्या पाण्यात क्लोरीन किती कमी असतो, आणि तुमच्या बादलीत किती जास्त!

मऊ रबरी मुठी हातात घेतल्या की आवडतात. माशाच्या तेलानं त्यातले बरेच रबर फुगतात, चिकट होतात, आणि कडक प्लास्टिकवर चढवलेला मऊ थर कडेनं सुटू लागतो. मऊ पॉलियुरेथेनच्या काही जातींचा तर दमट हवेतच हळूहळू विरघळल्यासारखा भुगा होतो. कोकणात ते घेऊच नका.

मूठ कोणतीही असो, सुऱ्या ब्लीचिंगच्या पाण्यात रात्रभर ठेवायची सवय मोडा. स्टेनलेसलाही त्यात बारीक खड्डे पडतात, आणि सुरुवात मुठीलगतच्या कोपऱ्यातच होते. आधी साबणानं चरबी काढा, मग पाच-दहा मिनिटं बुडवा, गोड्या पाण्यानं धुवा, पातं खाली करून टांगा. जमिनीला मूठ टेकली की पाणी सांध्यात उतरतं.

आणि हायलम किंवा जी-१० स्वतः कापणार असाल तर कळकळीनं सांगतो, तोंडावर रुमाल बांधून भागत नाही. काचेची आणि रेझिनची धूळ फुप्फुसात जाते, अंगाला खाज सुटते ती वेगळीच. कणांसाठीचा बरोबर बसणारा मास्क लावा, पाणी सोडत घासा, आणि ते कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नका. जी-१० ला साधा ड्रिल बिट लगेच बोथट होतो, कार्बाइडचा घ्या.