फुगवता येणारं अंतराळघर फुटणार नाही याची खात्री कशी करतात?

उत्तर: मुद्दाम फोडूनच! नागपुरात रमण विज्ञान केंद्र पाहून आलेली माझ्या वर्गातली मुलंही हेच विचारतात.

भिंत रबराची नसतेच. वेक्ट्रानसारख्या अतिशय मजबूत धाग्याचे पट्टे एकमेकांत विणून दाब पेलणारा थर बनवतात. आत हवा अडवणारा थर, बाहेर सूक्ष्म उल्काकण थोपवणारे थर. डिसेंबर 2023 मध्ये सिएरा स्पेस या अमेरिकी कंपनीने नासाच्या मार्शल केंद्रात पूर्ण आकाराचा नमुना फुटेपर्यंत फुगवला. अपेक्षित मर्यादा होती 60.8 पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड दाब), तो फुटला 77 ला, म्हणजे आपल्या वातावरणाच्या पाचपटीहून जास्त दाबाला. तरी मला जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरी चाचणी: एकसारखा ताण महिनोन्‌महिने ठेवून पट्टे किती सैलावतात ते मोजायचं. घरात राहायचं तर वर्षानुवर्षं आहे ना!

प्रत्यक्ष कक्षेतला पुरावा म्हणजे बीम, आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाला जोडलेला फुगवता येणारा कक्ष. 26 मे 2016 ला घड्यांमधल्या घर्षणामुळे तो उलगडेना. 28 तारखेला अंतराळवीर जेफ विल्यम्स यांनी त्यात थोडी थोडी हवा भरली, तेव्हा आतले पट्टे सुटताना लाह्या फुटल्यासारखे आवाज येत होते. अंतराळवीर त्यात राहत नाहीत, सामान ठेवतात.