तासिका तत्त्वावर तासाला 600 रुपये, आठवड्याला 9 तासिका. टीडीएस (पैसे देणाऱ्यानं आधीच कापून सरकारकडे भरायची रक्कम) कापून महिन्याला हातात किती पडतील?

चार आठवडे पूर्ण भरले तर 21,600, दहा टक्के कापून 19,440. पण या आकड्यावर घरभाडं ठरवू नका. तासिका झाली तरच पैसे. परीक्षा, गॅदरिंग, दिवाळी, निवडणुकीसाठी ताब्यात गेलेले वर्ग, सगळं बिनपगारी. आणि बिल दर महिन्याला निघतं असंही नाही.

टीडीएसबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण यावरून मी स्टाफरूममध्ये वर्षभर वाद घातलाय. मी तासिकेवर शिकवायचो तेव्हा पहिल्याच बिलातून दहा टक्के टीडीएस आणि वर 200 रुपये व्यवसाय कर, दोन्ही कापलेले. रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही करायच्या आधी मी विचारलं, "मी पगारदार आहे की व्यावसायिक? आयकराच्या व्यावसायिक मानधनाच्या 194-जे कलमाखाली कापताय म्हणजे व्यावसायिक. मग पगारातून कापायचा व्यवसाय कर मला कसा लावला?" अकाउंटंट म्हणाले, "सर, सगळ्यांचाच कापतो." शेजारी बसलेले एक कायम प्राध्यापक हसले. "दोनशे रुपड्यांसाठी कशाला तोंड वाजवता? आणि टीडीएस काय परत येतो होय?"

येतो. मी लेखी अर्ज दिला, पुढच्या बिलातून 200 रुपये कापणं थांबलं. वर्ष संपल्यावर रिटर्न भरलं आणि टीडीएसची पूर्ण रक्कम व्याजासकट खात्यात जमा झाली. माझ्याबरोबरच्या एका मॅडमचा टीडीएस मात्र 26एएसमध्ये, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या कराच्या उताऱ्यात, दिसतच नव्हता. कॉलेजनं त्यांच्या पॅनमधलं एक अक्षर चुकवलं होतं. ते दुरुस्त करून घ्यायला त्यांना कितीदा जिने चढावे लागले! कायम नोकरीवाल्यांना दहा टक्के किरकोळ वाटतात. तासिकेवाल्यासाठी तो महिन्याचा किराणा असतो. कापलेला टीडीएस म्हणजे तुमचा कर नव्हे, सरकारकडे आधीच जमा झालेले तुमचे पैसे आहेत. ते सोडून देणं मला अजिबात पटत नाही, कुणी कितीही हसो.

तुमचं वर्षाचं मानधन साधारण आठ महिन्यांचं धरलं तर 1,72,800. 2025-26 या आर्थिक वर्षासाठी नव्या करप्रणालीत 4 लाखांपर्यंत करच नाही, म्हणजे कापलेले 17,280 सगळे तुमचे. अर्थात दुसरं उत्पन्न नसेल तर. त्याच वर्षापासून एका कॉलेजकडून वर्षभरात 50,000 पर्यंतच मिळणार असतील तर व्यावसायिक मानधनावर टीडीएस कापायचाच नसतो, आधी ही मर्यादा 30,000 होती. पॅन दिला नसेल तर दहाऐवजी वीस टक्के जातात. काही कॉलेजं तासिकेचं मानधन पगार म्हणून दाखवतात, तिथे एवढ्या रकमेवर टीडीएस लागणारच नाही, व्यवसाय कर मात्र लागू शकतो. तेव्हा 2025-26 साठी फॉर्म 16 (पगारावरच्या टीडीएसचा दाखला) मिळतो की 16-ए (व्यावसायिक मानधनावरच्या टीडीएसचा), ते आधी विचारा. 16-ए मिळाला तर आयटीआर-1 (पगारदारांचा साधा रिटर्न फॉर्म) भरू नका, त्यात हे उत्पन्न दाखवता येत नाही.